तलाव हिरवा का पडतो? ठाण्याच्या तलावांतल्या शेवाळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी बारीक जाळी आणि दोन बाटल्या घेऊन मी तलावपाळीच्या किंवा उपवनच्या पायऱ्या उतरू लागले, की फिरायला आलेली माणसं थांबतात. "काय तपासताय?" इथून सुरुवात होते आणि "इथले मासे खायचे की नाही?" इथपर्यंत प्रश्न येतात. मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि पाण्यातली शेवाळं हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. कट्ट्यापाशी उभ्या उभ्या दिलेली उत्तरं नेहमी अर्धीच राहतात, म्हणून ती इथे नीट लिहून ठेवते आहे.

पाणी हिरवं दिसतं म्हणजे त्यात नेमकं काय असतं?

जीव असतात. पायरीवर पाय घसरवणारं बुळबुळीत शेवाळ वेगळं, ते दगडाला धरून असतं. पाण्याला रंग येतो तो मोकळ्या तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळांमुळे. त्यांना वनस्पती प्लवक म्हणतात. प्लवक म्हणजे स्वतःच्या बळावर फार कुठे न जाता पाणी नेईल तिकडे जाणारे जीव. यातल्या बऱ्याच पेशी केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढ्याही नसतात. एकटी पेशी डोळ्यांना दिसत नाही, पण तलाव चांगलाच हिरवा झालेला असेल तर एका पेल्यात त्या कोट्यवधी असतात, आणि मग दिसतो तो त्यांचा एकत्र रंग.

जलपर्णी म्हणजेच हे का?

नाही. जलपर्णी ही मुळं, पानं आणि जांभळी फुलं असलेली पूर्ण वनस्पती आहे. पाण्यावर हिरव्या टिकल्या पसरल्यासारखी दिसतात तीही इवल्या पानांची वनस्पतीच, शेवाळ नव्हे. चिमूटभर हातात घ्या. सुटी सुटी पानं दिसली तर ती वनस्पती. रंग कालवल्यासारखं पाणी बोटांवरून ओघळलं तर ते प्लवक. गंमत म्हणजे जलपर्णीने तलाव झाकला, की खाली ऊन पोचत नाही आणि प्लवक कमी होतं. पाणी त्याने सुधारत मात्र नाही, कारण झाकलेल्या पाण्यात हवेतला प्राणवायूही नीट शिरत नाही.

आपल्याकडच्या तलावांत कोणती शेवाळं सापडतात?

याचं उत्तर मी एका थेंबावरून देते, कारण नावांच्या यादीपेक्षा तो थेंब लक्षात राहतो.

एका एप्रिलमध्ये आणलेल्या नमुन्यातला थेंब काचपट्टीवर ठेवला आणि वरून पातळ काच झाकली. सूक्ष्मदर्शकातून आधी नुसता हिरवा गोंधळ दिसला. नजर बसली तशी एकेक मंडळी वेगळी होऊ लागली. चार पेशी खांद्याला खांदा लावून उभ्या, कडेच्या दोघींना शिंगांसारखे काटे: ती सिनेडेस्मस. नक्षीदार चकतीसारखी पेडियास्ट्रम. या दोन्ही हिरव्या शेवाळांतल्या. त्यांच्यामधून होडीच्या आकाराची पिवळट-तपकिरी नॅव्हिक्युला सरकत गेली. ती डायटम, म्हणजे काचेच्या डबीत राहणारी पेशी. तिचं कवच सिलिकाचं असतं, वाळू आणि काच ज्या द्रव्याची बनते त्याचंच. मग युग्लीना आली. एका टोकाला लाल ठिपका, कधी लांबट तर कधी गोल होत पुढे सरकणारी. ऑसिलेटोरियाचे निळसर-हिरवे धागे लंबकासारखे डुलत होते. आणि सगळ्यात जास्त होती मायक्रोसिस्टिस. पारदर्शक चिकट गोळ्यात मोहरी पेरावी तसे काळसर ठिपके दिसतात, तशी.

ही शेवटची दोन नावं निळ्या-हिरव्या शेवाळांची. आपण त्यांना शेवाळ म्हणतो खरे, पण रचनेने ती जीवाणूंची भावंडं आहेत. त्यांच्या पेशीत केंद्रक नसतं. पुढच्या बहुतेक प्रश्नांत तीच पुन्हा पुन्हा येतील.

शेवाळ म्हणजे घाण, ते पूर्ण काढूनच टाकलं तर?

तसं करता येत नाही आणि करूही नये. तलावातली सगळी पंगत याच्यावर जेवते. शेवाळ खाऊन डॅफ्निया, रोटिफर असे सूक्ष्म प्राणी जगतात, त्यांच्यावर माशांची पिल्लं, पिल्लांवर मोठे मासे, माशांवर खंड्या आणि पाणकावळे. पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणातून तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी साधारण निम्मा पाण्यातली अशी सूक्ष्म मंडळी तयार करतात. त्यात सर्वांत मोठा वाटा समुद्राचा आहे, पण काम तेच.

निरोगी तलाव काचेसारखा नितळ असतो ही समजूतही सोडून द्यावी. थोडी हिरवट झाक आणि अनेक जातींचं थोडं थोडं शेवाळ असलेलं पाणी सुदृढ असतं. काळजी तेव्हा करायची, जेव्हा एकच जात बाकीच्यांना मागे सारून सगळं पाणी व्यापते. त्याला शेवाळाचा फुलोरा म्हणतात.

परवापर्यंत बरं दिसणारं पाणी एकाएकी हिरवंगार कसं होतं?

पेशी दुपटीने वाढतात. अनुकूल दिवसांत एक-दोन दिवसांत एकीच्या दोन होतात, आणि दहा दुपटींत हजारपट. आपल्याला शेवटच्या दोन-तीन दुपटी तेवढ्या दिसतात, म्हणून ते एकाएकी झाल्यासारखं वाटतं.

पण ऊन आणि ऊब तर ठाण्यात बारा महिने आहे. मग रोज फुलोरा का येत नाही? कारण वाढीला खत लागतं, मुख्यतः नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस). हे सगळ्यांत नेमकेपणाने दाखवलं ते कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात, २२६ क्रमांकाच्या प्रायोगिक सरोवरात. १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी सरोवराच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्हींत कार्बन आणि नत्र टाकलं, स्फुरद मात्र एकाच भागात. स्फुरदाचा भाग गडद हिरवा झाला, पलीकडचा स्वच्छ राहिला. त्या पडद्याचं आकाशातून घेतलेलं छायाचित्र मी दरवर्षी विद्यार्थ्यांना दाखवते.

हिशेबही सोपा आहे. शेवाळाच्या पेशींतलं कार्बन, नत्र आणि स्फुरद यांच्या अणूंचं प्रमाण साधारण १०६:१६:१ असतं. त्यावरून मांडलं तर एक ग्रॅम स्फुरदातून शंभर ग्रॅमच्या आसपास सुकं शेवाळ तयार होऊ शकतं. ओलं धरलं तर त्याच्या कितीतरी पट.

नत्र कमी पडलं तरी काही निळी-हिरवी शेवाळं अडून राहत नाहीत. ॲनाबिनासारखी शेवाळं हवेतलं नत्र स्वतः बांधून घेतात. स्फुरदाच्या बाबतीत अशी सोय कुणाकडेच नाही.

हे स्फुरद आपल्या तलावांत येतं कुठून?

सर्वांत मोठं कारण सांडपाणी. पावसाचं पाणी नेणाऱ्या गटारात जिथे घराघरांतलं मैलापाणी मिसळतं, तिथे ते पुढे तलावात उतरतं. त्यात विष्ठा-मूत्र, खरकटं आणि कपड्यांच्या काही पावडरींतलं फॉस्फेट असतं. तलावाच्या कडेने चालताना एखाद्या पाइपातून भर उन्हाळ्यात, पावसाचा थेंब नसताना पाणी पडताना दिसलं, तर ते पावसाचं नाही एवढं नक्की. मी आधी हेच शोधते. नमुना नंतर.

मग आपल्या हातून जाणारं. माशांना घातलेले पाव, कुरमुरे, कणकेच्या गोळ्या. आजोबा नातवाला घेऊन येतात, दोघं मिळून पिशवी रिकामी करतात. त्यामागची माया मला कळते, मीही लहानपणी हेच केलं आहे. पण मासे खातात त्यातलं पुष्कळसं विष्ठेतून पाण्यात येतं आणि न खाल्लेलं तळाशी कुजतं. एका कुटुंबाची पिशवी लहान असते. शनिवार-रविवारी पाळीवर किती पिशव्या रिकाम्या होतात ते एकदा बसून मोजा.

याशिवाय निर्माल्य, काठावर धुतलेली वाहनं, बागेला घातलेलं खत आणि पहिल्या पावसात रस्त्यावरून वाहून आलेली वर्षभराची धूळ. येऊरच्या डोंगरावरून उपवनकडे येणाऱ्या पाण्यात जंगलाचा पालापाचोळाही असतो, पण तलाव तो पचवत आले आहेत. आपली भर त्यावरची आहे.

गणपती विसर्जनाने शेवाळ वाढतं का?

मूर्तीपेक्षा निर्माल्याने जास्त वाढतं. प्लास्टर ऑफ पॅरिस लवकर विरघळत नाही, तळाशी बसतं आणि पाण्याचा कठीणपणा वाढवतं. रंगांत जड धातू असतील तर तो वेगळा धोका. फुलं, दूर्वा, केळीची पानं, प्रसाद हे मात्र कुजतं. कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं आणि त्यातलं नत्र-स्फुरद पाण्यात सुटतं. शाडूची मूर्ती नक्कीच बरी, पण शेकडो शाडूच्या मूर्ती म्हणजेही तलावात गाळाची भर, हे ध्यानात ठेवावं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्ती विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वं २०१० साली काढली आणि २०२० साली सुधारली. ठाण्यात तलावांच्या कडेला कृत्रिम तलाव आणि निर्माल्याचे कलश असतात. मला विचाराल तर तलावासाठी उत्सवात एकच गोष्ट करायची झाली, तर निर्माल्य कलशात टाका.

मासे मरतात ते नेमके पहाटेच का?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मे महिन्यात एकदा पाच वाजता मी पायऱ्यांवर होते. वारा नव्हता. पाण्यावर ठिकठिकाणी लहान वर्तुळं उठत होती, जणू बारीक पाऊस पडतोय. विजेरी मारली तर शेकडो मासे तोंडं वर काढून पृष्ठभागाजवळचं पाणी ओढत होते. जवळ गेले तरी ते पळेनात. दोन कटला आधीच उताणे झालेले. तिलापिया मात्र तग धरून होते. त्या जातीला कमी प्राणवायूत निभावता येतं, म्हणून हळूहळू तलावात तेच उरतात.

कारण असं. दिवसा शेवाळ ऊन घेऊन प्राणवायू सोडतं. हिरव्याकंच तलावात दुपारी तो इतका होतो, की पाण्यात मावेनासा होऊन बुडबुडे सुटतात. रात्री ऊन नसतं, श्वास मात्र चालूच. शेवाळ, मासे आणि तळाच्या गाळातले जीवाणू सगळे मिळून प्राणवायू वापरतात आणि सूर्योदयाच्या आधी तो सर्वांत कमी होतो. त्यात कोमट पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. ३० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषात मत्स्यजीवनासाठी किमान ४ मिलिग्रॅम हवा. म्हणजे रात्र काढायला शिल्लक फार थोडी असते.

आभाळ दोन-तीन दिवस भरून राहिलं, किंवा फुलोरा एकदम मरून कुजू लागला, तर ही शिल्लकही संपते. म्हणून वळिवाच्या आगेमागे मासे मेल्याच्या बातम्या येतात. लोक म्हणतात, "कुणीतरी विष टाकलं." कधी तसंही असेल, पण आधी पहाटेचा प्राणवायू मोजायला हवा. दुपारी बारा वाजता नमुना घेऊन "प्राणवायू उत्तम" असा अहवाल देणं म्हणजे उपाशी माणसाला जेवण झाल्यावर तपासणं. असे अहवाल मी पाहिले आहेत आणि त्यांचा मला राग येतो, कारण त्यावर पुढचे निर्णय होतात.

दुपारी आणखी एक गोष्ट घडते. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, सामू (पीएच) ९ च्या वर जातो आणि सांडपाण्यातला अमोनिया माशांना जास्त घातक रूपात येतो. म्हणजे दिवसा हा त्रास आणि रात्री तो.

सकाळी पाण्यावर हिरवी साय असते, दुपारी वारा सुटल्यावर दिसत नाही. ती गेली कुठे?

कुठेही गेलेली नसते, पाण्यात मिसळलेली असते किंवा एका काठाला लोटली गेलेली असते. मायक्रोसिस्टिससारख्या निळ्या-हिरव्या शेवाळांच्या पेशीत हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांच्या आधाराने ती वर येतात, ऊन पटकावतात आणि खालच्या सगळ्यांवर सावली धरतात. शांत रात्रीनंतर म्हणूनच साय जाड दिसते.

यावर घरी करता येण्याजोगी एक साधी परीक्षा आहे. स्वच्छ काचेच्या बरणीत तलावाचं पाणी घ्या, तोंडाशी थोडी जागा ठेवा आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर वर आला असेल तर निळं-हिरवं शेवाळ असण्याची शक्यता मोठी. तळाशी बसला असेल तर बहुधा हिरवी शेवाळं, डायटम किंवा नुसता गाळ. ही परीक्षा अंदाजासाठी आहे, खात्री सूक्ष्मदर्शकच देतो.

ते विषारी असतं का?

काही निळी-हिरवी शेवाळं विष बनवतात, सगळी नाही. शिवाय एकाच जातीचे काही वाण विषारी तर काही बिनविषारी असतात. डोळ्यांनी हा भेद कळत नाही, म्हणून हिरवी साय दिसली तर ती विषारी धरूनच वागावं. मायक्रोसिस्टिसचं विष यकृतावर परिणाम करतं. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या सर्वांत परिचित प्रकारासाठी रोजच्या पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे आणि पोहण्या-खेळण्याच्या पाण्यासाठी २४.

ही पुस्तकी भीती नाही. १९९६ साली ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात डायलिसिसच्या पाण्यातून हे विष रुग्णांच्या रक्तात गेलं आणि पन्नासच्या आसपास माणसं दगावली. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ईरी सरोवरातल्या फुलोऱ्यामुळे चार-पाच लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. तेव्हा पाणी उकळू नका, असंही बजावलं होतं. उकळल्याने हे विष जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं.

आपल्यासाठी याचा अर्थ एवढाच: साय असलेल्या जागी मुलांना पाण्यात उतरू देऊ नका, चुळा भरू नका, कुत्र्याला पाणी पिऊ देऊ नका. कुत्रा अंग चाटतो, तेव्हा पाण्यात गेलाच तर लगेच स्वच्छ पाण्याने धुवा.

आमच्या नळाला हेच पाणी येतं का?

नाही. ठाण्यातल्या या तलावांचं पाणी नळाला सोडत नाहीत, शहराचं पाणी भातसासारख्या दूरच्या स्रोतांवरून येतं. नवी मुंबईचा मुख्य आधार खालापूर तालुक्यात धावरी नदीवर बांधलेलं मोरबे धरण. ते पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन मग शहरात येतं.

याला जोडून "पाण्याला मातीचा वास येतो, तेव्हा काय?" असं विचारतात. जगभरच्या जलाशयांत असा वास बहुधा जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. काही निळी-हिरवी शेवाळं आणि मातीतले जीवाणू ते बनवतात. पहिल्या पावसाच्या मृद्गंधातही तेच. आपलं नाक त्याला इतकं तिखट आहे, की लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी कळतं. त्या प्रमाणात जिओस्मिन स्वतः अपायकारक नाही, पण वास टिकून राहिला तर तक्रार जरूर नोंदवा.

तलावात गळ टाकून धरलेले मासे खावेत का?

साय धरलेल्या किंवा सांडपाणी येणाऱ्या तलावातले खाऊ नयेत असं माझं मत आहे. शेवाळाचं विष माशाच्या यकृतात आणि आतड्यांत जास्त साठतं, तेव्हा कुणी खाणारच असेल तर निदान पोटातलं सगळं काढून मांस नीट धुवावं. सांडपाण्यातले जंतू आणि धातू हा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

स्पिरुलिना तर लोक पैसे देऊन खातात!

तेही निळं-हिरवंच शेवाळ, बरोबर. पण ते स्वच्छ टाक्यांत, क्षारयुक्त पाण्यात, दुसरं काही शिरणार नाही अशा काळजीने वाढवतात. तलावातली साय गोळा करून वाळवण्याचा विचारही करू नका. हे लिहायचं कारण, एका गृहस्थांनी मला ते खरोखर विचारलं होतं.

वर्षातले कोणते महिने वाईट?

मार्च ते मे. पाणी आटतं, त्यातली खतं दाट होतात, ऊन कडक असतं आणि निळी-हिरवी शेवाळं वरचढ होतात. पावसाळ्यात पाणी वाहतं, गढूळ होतं आणि प्लवक विरळ पडतं. थंडीत डायटमना बरे दिवस येतात. हा ढोबळ ताळा आहे, प्रत्येक तलावाची चाल वेगळी असते. शेजारच्या मुंबईत एला गोन्साल्विस आणि डी. बी. जोशी यांनी वांद्र्याच्या एका तलावातल्या शेवाळांचं ऋतुचक्र अभ्यासून १९४६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडलं. ठाण्यातल्या प्रत्येक तलावाची अशी सलग नोंद असायला हवी. तीच नसल्याने "पूर्वी पाणी कसं होतं?" या प्रश्नावर आपण आठवणींवर बोलतो.

सामान्य माणसाला पाण्याची तपासणी करता येईल का?

हो, आणि करावीच. इटलीतल्या अँजेलो सेकी यांनी १८६५ साली पांढरी तबकडी समुद्रात सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. आज गोड्या पाण्यासाठी २० सेंटिमीटर व्यासाची, आलटून पालटून काळे-पांढरे चार भाग रंगवलेली तबकडी वापरतात. घरातल्या जुन्या स्टीलच्या ताटलीला रंग द्या, मधोमध भोक पाडून दोरी बांधा, खाली वजन लावा आणि दोरीवर दर दहा सेंटिमीटरला गाठ मारा. नौकाविहाराच्या बोटीतून सावलीच्या बाजूला ती सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी काढा. दर पंधरवड्याला त्याच जागी, त्याच वेळी मोजून वहीत लिहा. वर्षभराची अशी वही मला एखाद्या महागड्या एकवेळच्या चाचणीपेक्षा जास्त सांगते.

सूक्ष्मदर्शक मिळत असेल तर पामर निर्देशांक शिका. सी. मर्विन पामर यांनी १९६९ साली सेंद्रिय प्रदूषण सोसणाऱ्या शेवाळांना गुण दिले: युग्लीना आणि ऑसिलेटोरियाला ५, सिनेडेस्मसला ४, क्लोरेला आणि नॅव्हिक्युलाला ३, असे. नमुन्यातल्या जातींची बेरीज २० किंवा त्याहून जास्त झाली तर प्रदूषण मोठं. वर सांगितलेल्या त्या थेंबातली नावं मिळवून पाहा. नुसत्या युग्लीना, ऑसिलेटोरिया, सिनेडेस्मस आणि नॅव्हिक्युलाचे १७ होतात.

मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकला तर शेवाळ मरतं म्हणतात. मग टाकत का नाहीत?

मरतं, आणि म्हणूनच टाकू नये. मेलेल्या पेशी फुटून आतलं विष एकदम पाण्यात येतं, कुजताना प्राणवायू संपतो, मासे मरतात. तांबं गाळात साठत राहतं. आणि पेशींतलं स्फुरद पाण्यातच राहिल्यामुळे काही आठवड्यांत नवा फुलोरा तयार. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत शोभेच्या तळ्यात कुणाच्या तरी सल्ल्याने मोरचूद टाकला गेला. दुसऱ्या दिवशी पाणी तपकिरी झालं, तिसऱ्या दिवशी मासे तरंगले.

कारंजी, जीवाणूंची पावडर, तरंगते वाफे यांचा उपयोग होतो का?

कारंज्यांचा होतो, पण रात्री चालवली तर. बहुतेक ठिकाणी ती संध्याकाळी दिव्यांसोबत सुरू होतात आणि गर्दी ओसरली की बंद. माशांना हवा हवी असते ती मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत. वेळापत्रक बदलायला फार खर्च नाही.

पावडरीने गाळ थोडा पचतो, पण नळीतून सांडपाणी येतच असेल तर ते भांडं भरत असताना चमच्याने उपसणं आहे. तरंगत्या वाफ्यांवर कर्दळ, वाळा लावतात. मुळं खतं शोषतात हे खरं, मात्र वाढलेला पाला वेळच्या वेळी कापून तलावाबाहेर न्यायला हवा. तो तिथेच गळला तर शोषलेलं सगळं परत पाण्यात.

सांडपाणी बंद केलं तर तलाव लगेच सुधारेल?

सुधारेल, लगेच नाही. अमेरिकेत सिॲटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवरात १९५० च्या दशकात शहरांचं सांडपाणी सोडलं जाई आणि ऑसिलेटोरिया माजली होती. १९६८ पर्यंत ते सगळं वळवलं गेलं आणि पुढच्या काही वर्षांतच पाणी नितळ झालं. पण ते सरोवर खोल आहे.

आपले तलाव उथळ. वर्षानुवर्षं मुरलेलं स्फुरद तळाच्या गाळात लोहाशी बांधलेलं असतं. तळाशी प्राणवायू संपला की ते बंध सुटतात आणि स्फुरद पुन्हा पाण्यात येतं. म्हणजे बाहेरून काही येणं थांबलं तरी तलाव काही वर्षं स्वतःच्याच गाठोड्यातलं काढून खातो. म्हणून गाळ काढणं गरजेचं असतं, पण आधी पाइप बंद आणि मग गाळ, हा क्रम चुकला तर खर्च वाया. आणखी एक: गाळ काढताना काठ सरसकट काँक्रीटचा करू नये. काठाच्या ओल्या मातीत लव्हाळी, पाणकणीस उगवतात. ती येणाऱ्या पाण्यातली खतं अडवतात आणि शेवाळ खाणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांना लपायला जागा देतात. भिंत आणि टाइल्स लावलेला काठ फोटोत सुंदर दिसतो, पण त्या प्राण्यांचं घर जातं.

नवी मुंबईत फ्लेमिंगो शेवाळच खातात ना? मग ते आमच्या तलावात का येत नाहीत?

खातात. छोटा रोहित म्हणजे लेसर फ्लेमिंगो प्रामुख्याने निळी-हिरवी शेवाळं आणि डायटम गाळून खातो आणि त्यांच्यातल्या रंगद्रव्यांमुळेच तो गुलाबी होतो. पण त्याला लागतं उथळ, खारट, उघड्या चिखलाचं पाणी. ते ठाणे खाडीत आणि नेरुळच्या बाजूच्या पाणथळींत आहे. २०२२ साली ठाणे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला. कठडे, बोटी आणि गर्दी असलेल्या गोड्या तलावात तो उतरणार नाही. ही दोन पाणी वेगळी आहेत, त्यांची शेवाळंही वेगळी. खाडीतले निष्कर्ष तलावाला लावू नयेत.

मला नमुना आणून द्यायचा आहे. कसा घ्यावा?

स्वच्छ धुतलेल्या दोन बाटल्या घ्या. हातमोजे घालून बाटली कोपरभर खोल बुडवा, नुसती वरची साय भरू नका. साय असेल तर तिचा वेगळा नमुना घ्या. बाटलीचा पाव भाग हवेसाठी रिकामा ठेवा. तलाव, काठाची बाजू, तारीख, वेळ, ऊन होतं की आभाळ, आणि तबकडी कितीवर दिसेनाशी झाली, हे चिठ्ठीवर लिहा. उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, शक्यतो पाच-सहा तासांत पोचवा.

एका बाटलीत पाण्याला फिक्या चहाचा रंग येईल इतकं ल्युगॉलचं आयोडीन घाला, म्हणजे पेशी टिकतील आणि मोजता येतील. दुसरी तशीच, जिवंत आणा. युग्लीना चालताना पाहिली तरच नीट ओळखू येते. आयोडीन पडलं की ती आकसून गोळा होते.